वेगात नीट चालणारी पिकअप सिग्नलला आली की बंद का पडते?

तुमची अडचण मी अशी समजलो आहे. २०१८ सालची बीएस-४ डिझेल पिकअप पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी भरून घोडबंदर रोडला जाते, तेव्हा तिची काही तक्रार नसते. परतीच्या फेरीत मात्र, ऊन चढलेले आणि इंजिन पुरते तापलेले असताना, विटावा ओलांडून दिघा, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात सिग्नलसाठी वेग कमी करून क्लच दाबला की इंजिन बंद पडते. कधी ते एका सेल्फमध्ये सुरू होते, कधी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. साठच्या वेगात गाडी अजिबात अडखळत नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. डिझेल फिल्टर बदलून झाला, एअर फिल्टर झाडून झाला. आता एक गॅरेजवाला चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) नवे टाकायला सांगतो आहे, तर दुसरा स्कॅनरवरून आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरत राहते तो) वाढवून देतो म्हणतो.

या दोन्ही सल्ल्यांना तूर्त थांबवा. आयडलिंग वाढवल्याने बंद पडणे काही दिवस टळेलही, पण जे बिघडले आहे ते बिघडतच राहील आणि पुढे निदान करताना हाती असलेले लक्षणही पुसले गेलेले असेल. इंजेक्टरांचे म्हणाल, तर ते दोषी असू शकतात. पण चारही एकदम दोषी ठरवण्याआधी त्यांची साधी चाचणी करता येते, आणि ती न करता हजारो रुपयांचा माल मागवणे मला पटत नाही.

कमी वेगातच बंद पडण्याचा नेमका अर्थ आधी पाहू. डिझेल फिल्टर तुंबलेला असेल किंवा टाकीतली जाळी कचऱ्याने भरली असेल, तर इंजिनाला डिझेल कमी पडते ते सर्वांत जास्त मागणीच्या वेळी, म्हणजे मुंब्रा बायपासच्या किंवा गायमुखच्या चढावर माल भरलेला असताना. तिथे तुमची गाडी नीट ओढते, त्यामुळे फिल्टर बदलून फरक पडला नाही यात नवल नाही. तुमचा दोष उलट्या टोकाला आहे. जिथे इंजिनाला फार थोडे डिझेल, पण अगदी मोजून आणि वेळेवर लागते, तिथे ते अडते आहे.

गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढता, तेव्हा ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टरांना डिझेल सोडणे पूर्ण थांबवतो; गाडीच इंजिनाला फिरवत असते. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १००० ते १२०० पर्यंत उतरले, किंवा तुम्ही क्लच दाबलात, की डिझेल पुन्हा सुरू करून फेरे ८०० च्या आसपास धरून ठेवायचे असतात. हे सगळे एखाद-दोन सेकंदांत घडते. या क्षणी हाय प्रेशर पंप (इंजेक्टरांकडे मोठ्या दाबाने डिझेल ढकलणारा) सावकाश फिरत असतो, म्हणून त्याची ताकदही कमी असते. तापलेले डिझेल पातळ झालेले असते, त्यामुळे पंपातली, झडपेतली किंवा इंजेक्टरांतली लहानशी झीजही जास्त गळती करते. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना पंप दुपटीहून अधिक वेगाने फिरतो आणि तीच गळती झाकून टाकतो. म्हणून सकाळी थंड इंजिनावर आणि हायवेवर सगळे ठीक असते, आणि तक्रार फक्त गरम इंजिन आयडलिंगवर उतरताना दिसते.

तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करा. पुढच्या फेरीत सिग्नल दिसताच बराच आधी, चाळीसच्या वेगात, गाडी न्यूट्रल करा, क्लच पूर्ण सोडून द्या आणि ब्रेकवर गाडी थांबवा. मागे कोणी जवळ नाही आणि रस्ता सपाट आहे, एवढे बघूनच हे करा. इंजिन बंद पडले तर व्हॅक्यूम पंपही थांबतो, ब्रेक एक-दोन दाबांपुरताच हलका राहतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. घाटाच्या उतारावर हा प्रयोग अजिबात करू नये. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असतानाही इंजिन बंद पडले, तर क्लचचा संबंध संपला. पण न्यूट्रलमध्ये ते कधीच बंद पडत नसेल आणि क्लच दाबल्यावरच पडत असेल, तर दोन गोष्टींकडे बघावे लागते. पहिली म्हणजे क्लच पूर्ण सुटत नसणे. अशा वेळी गिअर टाकताना करकर होते आणि क्लच दाबूनही गाडी किंचित पुढे ओढते. दुसरी गोष्ट फारसे कोणी तपासत नाही, ती म्हणजे क्रँकचे (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या. क्लच दाबला की क्रँकवर पुढच्या बाजूला रेटा येतो. वॉशर झिजले असतील तर क्रँक पुढे सरकते, घर्षण वाढते, आणि काही इंजिनांत फ्लायव्हील व क्रँक सेन्सर (ईसीयूला इंजिनाचे फेरे कळवणारा) यांच्यातले अंतरही बदलते. गाडी उभी करून मदतनिसाला क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही क्रँक पुली बघा. निरोगी इंजिनात ही हालचाल मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांएवढी, म्हणजे डोळ्याला न जाणवणारी असते. पुली पुढे-मागे होताना उघड दिसत असेल, तर डिझेल यंत्रणेला हात लावण्याआधी हा विषय निकाली काढा, कारण हे दुखणे वाढू दिले तर ब्लॉकपर्यंत जाते.

याच फेरीत काट्याकडेही लक्ष ठेवा. फेऱ्यांचा काटा ८०० वरून ६००, ४०० असा डळमळत खाली येऊन इंजिन थरथरत बंद पडले, तर डिझेल, हवा किंवा भार यांपैकी काहीतरी आहे. इंजिन स्विच बंद केल्यासारखे झटकन गेले आणि गाडी अजून घरंगळत असतानाच काटा शून्यावर आपटला, तर वायरिंग, रिले किंवा क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. बंद पडताना मागून काळा धूर आला का, हेही मदतनिसाला बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल पोहोचले आहे, पण हवा पुरली नाही.

यानंतर स्कॅनर, आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. दिवा लागलेला नसला तरी ईसीयूत नोंद झालेली असू शकते, म्हणून साठवलेले आणि प्रलंबित असे दोन्ही कोड वाचून घ्या. रेल प्रेशर (चारही इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीतला, म्हणजे रेलमधला दाब) फार कमी असल्याचा पी-००८७ किंवा क्रँक सेन्सरचा पी-०३३५ निघाला, तर दिशा मिळते. मात्र कोड निघाला म्हणून तोच भाग बदलायचा, ही पद्धत चुकीची आहे. कोड लक्षणाचे नाव सांगतो, कारणाचे नाही. गॅरेजवाल्याला कोड पुसू देऊ नका, आधी फोटो काढून ठेवा. मग स्कॅनर जोडलेला ठेवूनच, गाडी पूर्ण तापल्यावर, रस्त्यावर फेरी मारा आणि चार गोष्टींची नोंद चालू ठेवा : इंजिनाचे फेरे, रेल प्रेशर किती हवे आहे, प्रत्यक्षात किती आहे, आणि ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किती उघडा आहे. गाडी चालवणारा आणि पडदा बघणारा अशी दोन माणसे हवीत.

बंद पडण्याच्या क्षणी या आकड्यांत आधी काय पडले, ते बघायचे असते. गरम आयडलिंगवर बहुतेक कॉमन रेल इंजिनांत रेल प्रेशर साधारण २५० ते ३५० बार असते, आणि सुमारे १५० ते २०० बारच्या खाली गेले की ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. फेरे अजून १००० वर असतानाच प्रत्यक्ष प्रेशर हव्या असलेल्या प्रेशरपासून सुटून खाली घसरले आणि त्यामागून फेरे पडले, तर दोष डिझेलच्या बाजूचा. आधी फेरे पडले आणि प्रेशर शेवटपर्यंत टिकून होते, तर डिझेल निर्दोष. मग ईजीआर, हवा, क्लच, एसी कंप्रेसरचा भार यांकडे वळावे. आणि इंजिन फिरत असल्याचे कानाला कळत असताना पडद्यावरचे फेरे एकाएकी शून्य झाले, तर ईसीयूला क्रँकचा संदेश मिळणेच थांबले आहे. एवढी एक नोंद हातात असेल, तर पुढची अर्धीअधिक भटकंती वाचते. फोनला जोडायच्या स्वस्त यंत्रावरही बऱ्याच गाड्यांत रेल प्रेशर दिसते, पण आकडे सावकाश बदलतात आणि घसरण दोन आकड्यांच्या मध्येच होऊन जाते; म्हणून या कामासाठी गॅरेजचा चांगला स्कॅनर वापरावा.

तुमचे वर्णन वाचून माझा पहिला कौल डिझेलच्या बाजूला आहे, कारण बंद पडल्यावर कधीकधी सेल्फ लांबवर मारावा लागतो. प्रेशर नव्याने उभे राहायला वेळ लागत असल्याची ती खूण आहे. इथे क्रम असा ठेवावा की आधी हवा, मग मीटरिंग व्हॉल्व्ह, मग इंजेक्टर आणि सर्वांत शेवटी पंप.

हवा शिरते का, हे बघायला फिल्टर ते पंप या मार्गात फूटभर पारदर्शक डिझेल होज तात्पुरता बसवा. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल, तर टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते. त्यामुळे सैल क्लिपमधून डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते, आणि जमिनीवर डाग नाही म्हणून कोणालाच संशय येत नाही. इंजिन आयडलिंगवर ठेवून होजमागे टॉर्च धरा. सुरू केल्यावर थोडे बुडबुडे जाऊन मग धार स्वच्छ झाली, तर ठीक. पण काही मिनिटांनंतरही मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले, किंवा होजच्या वरच्या अंगाला हवेची लांबट पोकळी साचून मधूनच पुढे सरकली, तर तुमचे उत्तर तिथेच आहे. जास्त फेऱ्यांवर डिझेलचा ओघ मोठा असल्याने हे बुडबुडे विखरून निघून जातात. आयडलिंगला ते साचतात. इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट जाणून घ्यायची आहे : बंद पडणे फिल्टर बदलण्याच्या आधी सुरू झाले की नंतर वाढले? फिल्टरचा रबरी रिंग पिळवटून बसणे, हँड प्रायमरची (हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपाची) झडप सैल होणे आणि जुन्या होजला क्लिपखाली चीर जाणे, ही तीन कारणे वरचेवर सापडतात. टाकी पाव भरलेली असतानाच वळणावर किंवा ब्रेक मारताना गाडी बंद पडत असेल, तर टाकीतली ओढनळी तपासावी.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून पेलाभर डिझेल पांढऱ्या ताटलीत काढा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. खाली पाण्याचे गोळे दिसले तर टाकी साफ करावी लागेल. आपल्याकडे पावसाळ्यात, सैल झाकणातून किंवा कमी भरलेल्या टाकीतल्या दमटपणाने, हे होतेच. त्याच ताटलीवर टॉर्च तिरपी धरून चमचम दिसते का बघा. चांदीच्या वर्खासारखे कण दिसले तर पंप आतून झिजून धातू सोडतो आहे, आणि मग एकटा पंप किंवा एकटा इंजेक्टर बदलून भागत नाही. टाकी, लाइन, रेल, सगळे धुवावे लागते, नाहीतर नवा माल काही दिवसांत जुन्याच्या मार्गाने जातो.

मीटरिंग व्हॉल्व्ह हा पंपावर बसवलेला छोटा विद्युत झडपेचा भाग. पंपात किती डिझेल घ्यायचे ते तो ठरवतो. पाय काढल्यावर तो जवळजवळ मिटतो आणि आयडलिंगसाठी त्याला पुन्हा अगदी थोडे उघडावे लागते. त्याची दांडी मेणचट डिझेलने किंवा बारीक गाळाने चिकटू लागली, तर ती एक क्षण मिटलेलीच राहते, तेवढ्यात प्रेशर पडते आणि इंजिन जाते. चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची आणखी एक ओळख म्हणजे उभ्या गाडीत फेरे ७०० ते ९०० मध्ये संथपणे वरखाली होत राहणे, ज्याला आपण हंटिंग म्हणतो, आणि त्याच तालावर स्कॅनरवरचे प्रत्यक्ष प्रेशर हव्या असलेल्या प्रेशरच्या कधी वर, कधी खाली जाणे. वेगात ठीक, गरम झाल्यावर पाय काढताच बंद, या लक्षणाशी हा भाग इतका जुळतो की हवा नसल्याची खात्री झाल्यावर मी सर्वांत आधी यालाच हात लावीन. बहुतेक पंपांवर तो सुटा मिळतो आणि इंजेक्टरांच्या संचाच्या मानाने बराच स्वस्त पडतो. बदलल्यावर काही गाड्यांत स्कॅनरवरून जुनी शिकलेली मूल्ये पुसावी लागतात. ते न केल्यास नवा भाग बसवूनही थोडे दिवस तीच तक्रार राहते आणि भागच खोटा होता असा गैरसमज होतो.

इंजेक्टरांची चाचणी रिटर्न, म्हणजे त्यांच्यातून टाकीकडे परत जाणारे डिझेल, मोजून करतात. चारही इंजेक्टरांच्या रिटर्न निपलला सारख्या लांबीच्या नळ्या लावून प्रत्येकीचे टोक खुणा केलेल्या बाटलीत सोडायचे, मुख्य रिटर्न लाइनचे तोंड बंद करायचे आणि पूर्ण तापलेले इंजिन काही मिनिटे आयडलिंगवर चालवायचे. थंड इंजिनावर केलेली ही चाचणी फसवी असते, कारण जाड डिझेल गळती लपवते. तीन बाटल्या जवळपास सारख्या आणि एक त्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर तो एकच इंजेक्टर काढून पंप-टेस्टिंगवाल्याकडे बेंचवर तपासायला न्या. वागळे इस्टेट, तुर्भे, कळंबोली या भागांत हे काम करणारे सापडतात. चारही सारख्याच, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा भरपूर भरल्या, तरच चारही बदलण्याची गोष्ट करता येते. नवा इंजेक्टर बसवताना त्याच्या अंगावरचा कोड ईसीयूत भरून घ्यायला आणि खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकायला विसरू देऊ नका. एक कडक सूचना : जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत चालू इंजिनावर एकेका पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते बघण्याची पद्धत होती, कॉमन रेलवर हे कदापि करू नये. शेकडो बारची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि जखम टोचल्याएवढी दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

नोंदीत प्रेशर टिकलेले आणि बंद पडताना काळा धूर असेल, तर ईजीआर काढून बघा. हा व्हॉल्व्ह वेगात थोडा उघडा अडकला तरी टर्बोची हवा भरपूर असल्याने गाडी चालून जाते. आयडलिंगला मात्र मुळात हवा थोडी, आणि तिच्यातला बराच वाटा जळलेल्या धुराने घेतला, की इंजिन घुसमटते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीटवर डांबरासारखी तेलकट काजळी साचते आणि झडप पूर्ण मिटत नाही. संशय पडताळण्यापुरता पत्र्याचा तुकडा मध्ये घालून छोटी फेरी मारणे समजू शकतो; पण तो पत्रा कायमचा ठेवून देण्याचा जो प्रघात पडला आहे, तो बेकायदा आहे आणि त्याने मूळ काजळी कुठून येते हा प्रश्नही सुटत नाही. व्हॉल्व्ह आणि इनटेकचा मार्ग नीट साफ करावा, टर्बोपासूनचे होज फाटलेले नाहीत हे बघावे, आणि साफ करूनही उघडझाप अडखळत असेल तरच तो बदलावा.

विद्युत बाजू तुमच्या बाबतीत मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, पण उष्णतेशी नाते असल्याने तिला वगळता येत नाही. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मध्येच मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो. बंद पडून लवकर सुरू होत नसेल, तेव्हा सेन्सरवर ओले फडके ठेवा; थोड्या वेळात गाडी पटकन सुरू झाली, आणि असे पुन्हा घडले, तर संशय पक्का. सेन्सर दोन वायरींचा असेल तर त्याचा रोध गरम आणि थंड अवस्थेत मोजून तुलना करता येते. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर रोध मोजून काही कळत नाही, त्याचा सिग्नलच बघावा लागतो. वायरही पूर्ण लांबीने हाताखालून घाला : बेल हाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळ) ब्रॅकेटच्या कडेला घासून आवरण गेलेली वायर इंजिन आयडलिंगला थरथरते तेव्हाच धातूला टेकून शॉर्ट होते, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सगळे ठीक दिसते. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या अर्थिंगच्या पट्ट्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आतून हिरवट गंजतात. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू ठेवून मल्टीमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर पट्टी सोडवून घासावी किंवा बदलावी. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावे.

कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) मी शेवटी ठेवतो, कारण चारही सिलिंडर ढिले असते तर सकाळी थंड गाडी एवढ्या सहज सुरू झाली नसती.

तुमच्याच मार्गावर सीएनजीची पिकअप चालवणाऱ्यांसाठी एक वाक्य : वरचे डिझेलचे काहीही त्यांना लागू नाही. त्यांनी तीच फेरी आधी पेट्रोलवर मारावी. पेट्रोलवर बंद पडत नसेल तर रेग्युलेटर आणि गॅस फिल्टर, दोन्हींवर पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम होजची गळती बघावी.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारात पाच मिनिटे आयडलिंग करून गाडी ताब्यात घेऊ नका. माल भरून, दुपारच्या उन्हात, स्कॅनर जोडून त्याच पट्ट्यातून पुन्हा न्या आणि तेच चार आकडे पुन्हा नोंदवा. पाय काढल्यावर प्रत्यक्ष प्रेशर हव्या असलेल्या प्रेशरला धरून खाली आले आणि फेरे ८०० वर न डगमगता थांबले, तरच पैसे द्या. आणि तोवर बंद पडणे फिल्टर बदलण्याच्या आधी सुरू झाले की नंतर वाढले, फिल्टर बदलल्याची तारीख आणि काट्याचे निरीक्षण मला कळवलेत, तर मी पुढचा अंदाज अधिक नेमका सांगू शकेन.